छोट्या विमानातून दिवसभराची सैर: आखणी परतीपासून सुरू करा

लायसन्स हातात आहे, जवळपासच्या धावपट्ट्यांवर जाऊन येणं अंगवळणी पडलंय आणि आता सकाळी निघायचं, डोंगर-किनारे-तलाव वरून बघायचे, दूर कुठेतरी उतरून जेवायचं आणि संध्याकाळी घरी, असा बेत आहे. अशा बेतांमध्ये एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. जाण्याचा मार्ग मिनिटामिनिटाने आखलेला असतो आणि परतीच्या रकान्यात तेच आकडे उलटे उतरवलेले असतात. प्रत्यक्षात परतताना हवा तापलेली असते, वारा फिरलेला असतो, पायलट दमलेला असतो आणि मागच्या सीटवरच्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. बेत फसतो तो बहुधा इथेच.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे. आकडे चार आसनांच्या, एका पिस्टन इंजिनाच्या विमानाचे आणि दिवसा, नजरेच्या भरवशावर केलेल्या उड्डाणाचे धरले आहेत. तुमच्या विमानाचं हँडबुक किंवा तुमच्या देशाचा नियम वेगळं सांगत असेल, तर तेच खरं.

## १. परतीची शेवटची वेळ कागदावर लिहा

सूर्यास्तापासून मागे मोजायला लागा. समजा सूर्यास्त ६:३० ला आहे. दीड तास हाताशी ठेवला तर ५:०० ला घरच्या धावपट्टीवर चाकं टेकलेली हवीत. परतीचं उड्डाण १ तास ५० मिनिटांचं असेल तर टेकऑफ ३:१० ला. विमानाची तपासणी, माणसं बसवणं, इंजिन सुरू करून धावपट्टीच्या टोकाशी जाणं याला ४० मिनिटं सहज जातात. म्हणजे २:३० ला जेवणावरून उठायचं.

दीड तास जास्त वाटेल. पण तो अंधारासाठी नाहीच. घर पश्चिमेला असेल तर शेवटच्या तासात सूर्य थेट काचेत येतो आणि हवेत थोडी जरी धूळ किंवा बाष्प असलं तरी समोरचं काही दिसेनासं होतं. हवामान अहवालात दृश्यमानता दहा किलोमीटर लिहिलेली असते, खाली बघितलं तर जमीनही स्वच्छ दिसते, पण पुढची धावपट्टी मात्र सापडत नाही.

दुपारी गडगडाटी ढग उभे राहतात असा मोसम असेल, तर संध्याकाळी परतायचा बेत सोडून द्या. उजाडताच निघा आणि दुपारच्या आत परत या. देखावाही सकाळच्या तिरप्या उन्हातच खुलतो, हा वरचा फायदा.

तपासा: «अमुक वाजेपर्यंत टेकऑफ झाला नाही तर मुक्काम» ही वेळ सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगितली आहे ना? प्रत्येकाच्या पिशवीत औषधं आणि एका रात्रीपुरते कपडे आहेत ना? मुक्कामाची तयारी असली की वाईट हवेत निघायचा मोह निम्मा होतो.

## २. माणसं आणि इंधन एकाच कागदावर मांडा

चार सीट आहेत म्हणून चार माणसं आणि टाक्या पूर्ण, असं बहुतेक छोट्या विमानांत जमत नाही. सगळ्यात जास्त गल्लत याच टप्प्यात होते, म्हणून एक हिशेब पूर्ण करून बघू.

- विमान उचलू शकेल असं वजन, म्हणजे कमाल टेकऑफ वजनातून रिकामं वजन वजा जाता: ४०० किलो. हा आकडा माहितीपत्रकातून न घेता तुम्ही नेणार त्याच विमानाच्या वजनपत्रकातून घ्यायचा. नंतर बसवलेला रेडिओ, नवीन सीट, सगळं त्यात मोजलेलं असतं.
- चार माणसं, सरासरी ७५ किलो: ३०० किलो.
- पिशव्या, कॅमेरे, पाणी: १५ किलो.
- उरले ८५ किलो. विमानाचं पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं, म्हणजे ११८ लिटर.

इंजिन तासाला ३५ लिटर घेत असेल तर ११८ लिटरमध्ये ३ तास २० मिनिटं होतात. आता यातून काढायला सुरुवात करा. दिवसाच्या उड्डाणासाठी बऱ्याच देशांत ३० मिनिटांचं राखीव इंधन पुरेसं धरतात, पण सैरीसाठी मी तासाखाली जात नाही. उरले २:२०. जमिनीवर फिरणं आणि वर चढणं यांचे जास्तीचे १० मिनिटं: २:१०. वाटेत दोन जागी रेंगाळायची २० मिनिटं: १:५०. ठरलेली धावपट्टी बंद निघाली तर दुसरीकडे जायची २५ मिनिटं: १:२५. विमानाचा वेग १०५ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) आणि समोरचा वारा १५ नॉट असेल तर जमिनीवरून वेग ९० नॉट. एका तास पंचवीस मिनिटांत १२७ नॉटिकल मैल झाले.

नकाशावर ज्याचा पल्ला पाचशे मैलांच्या गोष्टी करत होता, त्या विमानाचं आजचं खरं अंतर एवढंच. यापुढे जायचं असेल तर एक माणूस कमी करा किंवा वाटेत इंधनासाठी उतरा. तिसरा मार्ग म्हणजे राखीव इंधन कापणं, आणि तो मार्गच नव्हे.

इंधनाच्या आकड्यात आणखी एक मेख आहे. हँडबुकातला तासाचा खप इंधन-हवेचं मिश्रण नीट पातळ केलं (म्हणजे त्यातलं इंधन कमी केलं) असेल तरच लागू होतो. मिश्रणाचा लीव्हर पुढे ढकलून तसाच ठेवलात तर खप बराच वाढतो आणि तुमचा कागद तिथेच खोटा ठरतो.

सावधान: वजन मर्यादेत बसलं म्हणजे समतोल साधलाच असं नाही. मागच्या सीटवर दोन धिप्पाड माणसं आणि त्यांच्या मागे सामान असेल तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि असं विमान स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटण्याच्या अवस्थेतून, सावरायला अवघड जातं. समतोल टेकऑफच्या वजनावर तपासा आणि टाक्या रिकाम्या होत आल्यावरच्या वजनावरही तपासा.

## ३. मार्ग: बघण्यासारखं आणि उतरण्यासारखं

आधी बघायच्या जागा नकाशावर टिपा, मग त्या जोडणारी रेष आखा, आणि मग ती रेष मोडा. निषिद्ध क्षेत्रं, नियंत्रित हवाई हद्द, दाट जंगल, मोठं पाणी यांच्याभोवती वळसे घ्यावे लागतात. इंजिन बंद पडलं तर कुठे उतरणार, याचं उत्तर रेषेवरच्या प्रत्येक तुकड्याला असायला हवं. दर दहा-पंधरा मिनिटांवर जमिनीवरची एक ठळक खूण निवडा: धरणाची भिंत, रेल्वेचा फाटा, नदीचा संगम. खेडी सगळी सारखी दिसतात, त्यांच्यावर विसंबू नका.

पाण्यावरून जाताना. असं विमान इंजिनाशिवाय साधारण नऊला एक या प्रमाणात तरंगत जातं, म्हणजे शांत हवेत हजार फुटांना दीड नॉटिकल मैल. दहा मैल रुंद तलावाच्या मध्यावर दोन्ही काठ पाच मैलांवर असतात. तिथून काठ गाठायला जवळपास ३,४०० फूट हवेत, शिवाय वारा आणि सुरुवातीच्या गोंधळातली काही सेकंदं. मी पाच हजारांखाली जाणार नाही. लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं, आणि ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर माणूस छताला अडकतो.

डोंगरात. डोंगरधारेच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या वर असेल तर त्या दिवशी डोंगर नको. त्याहून कमी असेल तर धारेवर निदान हजार फूट राखा, वारा जाणवत असेल तर दोन हजार. धारेकडे काटकोनात न जाता ४५ अंशांत जा, म्हणजे खाली खेचणारा प्रवाह लागला तर थोड्याच वळणात बाहेर पडता येतं.

दरीच्या मधोमध उडणं सुंदर दिसतं आणि धोक्याचं असतं. मध्यावर असाल तर वळायला निम्मीच दरी मिळते. वारा ज्या उतारावर आदळून वर चढतो त्या बाजूने चला. तिथे हवा वर उचलते आणि वळताना वाऱ्याकडे तोंड होतं. १०० नॉटला ३० अंश कलून मागे फिरायला, वारा नसताना, सुमारे ९४० मीटर रुंदी लागते. वेग ७० नॉट असेल तर सुमारे ४६० मीटर. दरीत शिरण्याआधी वेग का कमी करायचा, ते या दोन आकड्यांवरून कळेल. आणि दरीत शिरायचं ते वरच्या टोकाकडून खाली. खालून वर गेलात तर जमीन तुमच्यापेक्षा वेगाने चढू शकते.

देखाव्याभोवती घिरट्या. धबधबा दिसला की सगळे एकदम एका बाजूला वाकतात, पायलटही. विमान खाली उतरतं, वेग कमी होतो आणि वारा विमानाला लक्ष्याकडे ढकलत असेल तर वळण नकळत आवळलं जातं. उंची राखून ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. जमिनीपासून सहाशे फुटांवर हे घडलं तर सावरायला जागाच उरत नाही.

त्यामुळे घिरट्या घालायच्याच नाहीत. जागेच्या बाजूने एक सरळ फेरी मारा, मग दूर जाऊन प्रशस्त वळण घ्या आणि दुसऱ्या बाजूने परत या, म्हणजे दोन्ही खिडक्यांना दिसतं. उंची जमिनीपासून हजार फुटांच्या वर, कल ३० अंशांच्या आत, आणि कॅमेरा पायलटच्या हातात कधीच नाही. अभयारण्यांवर आणि शांत वस्त्यांवर दोन हजार फूट ठेवा.

## ४. जिथे उतरायचं तिथे फोन करा

छापील माहितीत धावपट्टीची लांबी असते. गवत किती वाढलंय, पंप दुपारी बंद असतो का, आज तिथे दुसरा कार्यक्रम आहे का, हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं. आदल्या दिवशी फोन करून विचारा:

- तुमच्या विमानाला चालणारं इंधन आज आहे का, किती वाजेपर्यंत मिळेल, पैसे कसे घेतात?
- आगाऊ परवानगी लागते का?
- विमान बांधायला दोर आणि खुंट्या आहेत का?
- उतार कुठल्या बाजूला आहे, पृष्ठभाग ओला आहे का, जनावरं येतात का?

मग लांबीचा हिशेब. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने खासगी वैमानिकांसाठी दिलेले गुणक हाताशी ठेवावेत असे आहेत: तापमान १० अंशांनी वाढलं तर टेकऑफचं अंतर १.१ पट, उंची हजार फुटांनी वाढली तर १.१ पट, कोरडं गवत असेल तर १.२ पट, आणि वजन १० टक्क्यांनी वाढलं तर १.२ पट. हे गुणक एकमेकांनी गुणायचे, बेरजेत धरायचे नाहीत. हँडबुकात ५० फुटांचा अडथळा ओलांडायला ५०० मीटर लिहिलेत. ऊन, उंची आणि गवत यांनी ते ७२६ होतात. त्यावर सुरक्षेचा १.३३ चा गुणक लावला की जवळपास ९६६ मीटर. हँडबुकाच्या तक्त्यात तापमान आणि उंची आधीच धरली असेल तर तेवढे गुणक सोडा, पण १.३३ सोडू नका.

हा हिशेब सकाळच्या उतरण्यापुरता करून थांबणं ही या टप्प्यातली ठरलेली चूक. करायचा तो दुपारच्या टेकऑफचा. ३,००० फुटांवरच्या धावपट्टीचं प्रमाण तापमान, म्हणजे त्या उंचीला हिशेबासाठी धरलेलं तापमान, ९ अंश असतं. दुपारी तिथे ३५ अंश असतील तर फरक २६ अंशांचा, दर अंशाला १२० फूट, म्हणजे इंजिन आणि पंख सहा हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. सकाळी गार हवेत सहज उतरलेलं विमान दुपारी इंधन भरून तिथून निघेलच असं नाही.

## ५. हवामान तीनदा बघा

आदल्या संध्याकाळी, निघायच्या तासभर आधी, आणि परतीआधी. तिन्ही वेळा जाण्याची, परतीची आणि पर्यायी अशा तिन्ही धावपट्ट्यांचे मेटार (आत्ताच्या हवेचा अहवाल) आणि टॅफ (पुढच्या तासांचा अंदाज). नोटॅमही (धावपट्टी किंवा हद्द बंद असल्यासारख्या सूचना) याच बैठकीत.

जाताना नडलेला वारा परतताना फेडून देतो, हा समज काढून टाका. १०० नॉटचं विमान १०० मैल जाऊन परत येतंय. वारा नसेल तर दोन तास. २५ नॉटचा वारा असेल तर एका बाजूला १ तास २० मिनिटं, दुसऱ्या बाजूला ४८ मिनिटं. एकूण २ तास ८ मिनिटं. वेळ वाढलीच.

दुपारच्या ढगांचा तळ ढोबळपणे काढता येतो: तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले ४०० फूट. तापमान २८, दवबिंदू २२ असेल तर तळ सुमारे २,४०० फुटांवर. मार्गात १,८०० फुटांचा डोंगर असेल तर तुमच्यासाठी उरतात ६०० फूट, आणि तेवढ्यात भागत नाही. तापमान आणि दवबिंदू एकमेकांजवळ यायला लागले की धुक्याची शंका घ्या, विशेषतः पहाटे.

तपासा: मागे फिरायचे आकडे जमिनीवर असतानाच लिहिले आहेत ना? ढगांचा तळ किती, दृश्यमानता किती, उशीर किती मिनिटं. हवेत असताना माणूस स्वतःशीच घासाघीस करतो.

## ६. प्रवाशांना काय सांगायचं

निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, हे स्पष्ट शब्दांत सांगा. दोन तास मोठा काळ असतो. सर्दी असेल त्याने येऊ नये. उतरताना कान दुखायला लागला तर हवेत फारसं काही करता येत नाही. पट्टा आणि दार प्रत्येकाने एकदा स्वतः उघडून बघावं. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी कुणी बोलायचं नाही, अपवाद एकच: दुसरं विमान दिसलं तर. उलटीच्या पिशव्या हाताशी, सामानात नकोत.

## ७. कुणाला तरी कळू द्या

फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाची अधिकृत आगाऊ नोंद, भरा, आणि घरच्या एका माणसाला वेळा लिहून द्या. विमानातला आपत्कालीन ट्रान्समीटर ४०६ मेगाहर्ट्झचा आहे का बघा. जुन्या १२१.५ वरचे संकेत उपग्रहांनी ऐकणं २००९ मध्ये बंद झालं. टॅबलेटवरचा नकाशा छान असतो, पण उन्हात काचेखाली तापून तो बंद पडतो. कागदी नकाशा मांडीवर असू द्या.

## ८. हवेत: दर अर्ध्या तासाला चार आकडे

वेळ, जागा, उरलेलं इंधन, जमिनीवरचा वेग. लिहायचे, आठवणीत ठेवायचे नाहीत. वेग आखणीपेक्षा १० नॉटांनी कमी दिसला तर तिथल्या तिथे पोचायची वेळ आणि इंधन नव्याने काढा. रेंगाळायला ठेवलेली २० मिनिटं पहिल्याच तलावावर संपली, तर दुसरी जागा रद्द. ती मिनिटं राखीव इंधनातून उसनी घ्यायची नाहीत.

डाव्या-उजव्या टाक्या हाताने बदलाव्या लागत असतील तर त्याची वेळही याच नोंदीत लिहा. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात दमट हवेत बर्फ धरू शकतो, अगदी बाहेर २५ अंश असतानाही. नोंद करताना कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) लावून आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर, नजर ठेवा.

## ९. उतरल्यावर: आधी इंधन, मग जेवण

क्रम चुकतो तो इथे. सगळ्यांना भूक लागलेली असते, म्हणून आधी जेवायला जातात. परत येईपर्यंत पंप बंद आणि ३:१० चा टेकऑफ ४:१५ वर. उतरल्या उतरल्या इंधन भरा, भरताना स्वतः उभे राहा. १०० एलएल, म्हणजे पिस्टन विमानांचं नेहमीचं पेट्रोल, निळसर दिसतं. पिस्टन इंजिनाच्या टाकीत चुकून जेटचं इंधन पडलं तर इंजिन टेकऑफनंतर दगा देऊ शकतं. झाकणं स्वतः लावा, डिपस्टिकने मोजा. जाण्याचा फ्लाइट प्लॅन बंद करा, नाहीतर पोचायची वेळ टळून अर्धा तास झाला की शोधाची चक्रं फिरू लागतात. विमान बांधा. मग जेवा.

परत आल्यावर टाक्यांचा निचरा काढून नमुना बघा. इंधनाला स्थिर व्हायला तोवर वेळ मिळालेला असतो, पाणी असेल तर तळाशी दिसेल. सकाळी विमानाभोवती फिरून केलेली तपासणी पुन्हा पूर्ण करा. पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर, विमान ओढायची दांडी, बांधलेला दोर या तीन गोष्टी घाईत राहतात. मग घरच्या धावपट्टीचा ताजा मेटार, आणि पहिल्या टप्प्यात लिहिलेली वेळ. ती टळली असेल तर मुक्कामाच्या पिशव्या विमानातून काढा.

घरी उतरल्यावर परतीचा फ्लाइट प्लॅन बंद करा आणि हँगर सोडण्याआधी टाक्या डिपस्टिकने मोजा. किती इंधन जाईल असं धरलं होतं आणि खरं किती गेलं, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या टप्प्यातल्या ३५ लिटरच्या जागी तुमच्या विमानाचा खरा खप येईल.